परसांतील पांखरें : दाणा, पाणी आणि खानेसुमारी

शेतकीच्या मासिकांत पांखरांचा विषय निघतो तो बहुधा राखणीच्या निमित्तानें. गोफण, मचाण, बुजगावणें, डबे वाजविणें ह्यांपलीकडे पांखरांशीं कुणब्याचा कांहीं व्यवहार असतो असें मानण्याची आपली रीत नाहीं. इकडे अलीकडे शिकल्यासवरल्या घरांतून उन्हाळा लागला कीं परसांत पाण्याचें भांडें ठेवावें, दाणे टाकावे, अशी चाल पडत चालली आहे. चाल चांगलीच आहे. परंतु ती शहरांतून आली असल्यामुळें शहराच्या समजुतीही तिच्याबरोबर आल्या आहेत, आणि शेतकऱ्याच्या परसास त्या सर्वच लागू पडत नाहींत. शहरवाल्यास पांखरांचा कळवळा आला तर त्याचें कणीस कांहीं जात नाहीं, आपलें जातें. म्हणून ह्या गोष्टीचा विचार आपण आपल्या सोयीनें केला पाहिजे.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, शेतकऱ्यानें परसांत पाणी बारमाही ठेवावें, झाडझुडूप राखावें, आणि दाणा मात्र हात राखूनच टाकावा. कारण उघड आहे. परसांत येणाऱ्या पांखरांत दाण्यावर जगणारीं थोडीं : चिमणी, होला, पारवा, पोपट, मुनिया, सुगरण, एवढींच काय तीं. बाकीच्या परिवाराचें अन्न निराळें. शिंजीर फुलांतील मध पितो, बुलबुल फळें व किडे खातो, साळुंकीस किड्यापासून उष्ट्यापर्यंत कांहींच वर्ज्य नाहीं, आणि शिंपी, दयाळ, कोतवाल, वेडा राघू हे तर बहुतेक किड्यांवरच राहतात. पसाभर ज्वारी टाकल्यानें ह्यांतील एकही आपल्याकडे यावयाचें नाहीं. पाण्यावर मात्र बहुतेक सारीं येतात.

दाणा खाणारी चिमणीसुद्धां पिलांना दाणा भरवीत नाहीं, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. पिलें अंड्यांतून निघाल्यापासून घरटें सोडीपर्यंत, म्हणजे सुमारें १५ दिवस, त्यांचें पोषण मुख्यतः अळ्या, मावा, लहान नाकतोडे अशा मऊ जीवांवर होतें. ज्यास खोटें वाटेल त्यानें ओसरीवर बसून घटकाभर जोडप्याच्या खेपा मोजाव्या व चोंचींत काय आहे तें पाहावें. चीन देशांत १९५८ सालीं सरकारनें चिमणीस धान्याची चोर ठरवून तिचा देशभर संहार करविला. पुढें टोळ व किडी माजल्या, आणि १९६० सालीं चिमणीचें नांव त्या यादींतून काढून तिच्या जागीं ढेकणाचें घालावें लागलें. त्या काळच्या तेथील दुष्काळास दुसरींही मोठीं कारणें होतीं, हें खरें. परंतु जाणते लोक हेंही त्यांत धरतात.

आतां पाणी. पूर्वीं पाटाचें पाणी वाहत होतें तेव्हां पांखरांसाठीं वेगळें पाणी ठेवण्याची गरजच नव्हती. विहिरीचें थारोळें, पाटाची गळती, वाफ्याच्या कडेचें डबकें, एवढ्यावर त्यांचें भागे. ठिबक आल्यापासून पाण्याची बचत झाली, पण पाट कोरडे पडले. चैत्र-वैशाखांत शिवारांत उघडें पाणी म्हणून मैल मैल मिळत नाहीं. खारी ठिबकाच्या नळ्या कुरतडतात म्हणून आपण त्यांस शिव्या देतों. पण नळींत पाणी आहे आणि बाहेर नाहीं, हें त्यांसही कळतें.

पाण्याचें भांडें कुंभाराकडील परळाचेंच बरें. तोंड फूटभर रुंद, खोली इंच-दीड इंच, याहून अधिक नको. मातीच्या खरखरीत कांठावर नखें ठरतात. पितळी किंवा प्लास्टिकच्या भांड्यावर पाय घसरतो आणि उन्हांत तें तापतें. मध्यें एक ओबडधोबड दगड ठेवावा, म्हणजे शिंप्यासारखें लहान पांखरूंही त्यावर उतरून अंघोळ करतें. जागा अर्ध्या सावलीची असावी. झुडुपाला खेटून परळ ठेवूं नये. मांजर तेथेंच दबा धरून बसतें. सहा-सात फूट मोकळी जमीन मध्यें ठेवून, वर मात्र एखादी फांदी असूं द्यावी; पांखरूं आधीं फांदीवर बसतें, चहूंकडे पाहतें, मगच खालीं येतें. पाणी रोज सकाळीं ओतून टाकून परळ राखेनें व काथ्यानें घासावा. शेवाळलेल्या भांड्यांतून पांखरांचे रोग एकमेकांस लागतात, आणि उन्हाळ्यांत आठवडाभर पाणी तसेंच राहिलें तर डासांची पैदास व्हावयास तेवढें पुरे होतें. गुरांच्या हौदाचे कांठ सरळ उभे असतात. त्यांत खारी आणि साळुंकीचीं पिलें पडून मरतात. हौदांत एक लांकडाची फळी तिरपी टाकून ठेवली कीं हें टळतें. खर्च कांहीं नाहीं, पण आमच्या पाहण्यांत दहा हौदांमागें एकासही फळी दिसत नाहीं.

दाण्याविषयीं फार लिहावयास नको. ज्वारी, बाजरी, राळा, तांदळाची कणी, जें घरांत असेल तें मूठभर सकाळीं टाकावें. दुपारपर्यंत उरलें तर दुसऱ्या दिवशीं कमी करावें. शेव, फरसाण, खारे दाणे, पाव, दूध ह्यांपैकीं कांहींही देऊं नये. बुरशी धरलेला मका अगर भुईमूग माणसास नको तो पांखरासही नको; त्या बुरशींत विष असतें. आणि परसाला लागून ज्वारीचें शेत असेल तर पीक हुरड्यांत आल्यापासून काढणीपर्यंत दाणा अजिबात बंद ठेवावा. थवा एकदां जमण्यास शिकला म्हणजे तो कुंपणाशीं थांबत नाहीं. पुष्कळ दाणा टाकण्याचा आणखी एक परिणाम असा कीं, पारव्यांची गर्दी होऊन बाकीचीं पांखरें हटतात आणि कौलांवर, ओसरीवर विष्ठेचे थर बसतात. मुंबईच्या कबूतरखान्यांचा तंटा २०२५ सालीं उच्च न्यायालयापर्यंत गेला, तो ह्याच गर्दीपायीं. ह्यापेक्षां आपल्याकडील जुनी चाल चांगली : नव्या भाताच्या किंवा बाजरीच्या कणसांचें तोरण दारावर टांगावें. तोरणावर एका वेळीं चार चिमण्या बसतात, पारव्यास तेथें पाय ठेवतां येत नाहीं, आणि जमिनीवर कांहीं सांडत नाहीं.

चिमण्या नाहींशा होत चालल्या, अशी ओरड ऐकूं येते. २०२० सालीं देशांतील पक्ष्यांच्या स्थितीचा जो अहवाल निघाला त्यांत, एकंदर देशांत चिमणीची संख्या बरीचशी स्थिर आहे, मोठ्या शहरांतून मात्र ती घटली आहे, असें दिसून आलें. खेड्यांत अडचण आहे ती घरट्याच्या जागेची. माळवद, वासे, कौलें, भिंतींतील कोनाडे गेले. स्लॅबच्या घरांत चिमणीनें काडी ठेवावी कोठें? सुताराकडून सव्वा इंचाच्या भोकाची लांकडी पेटी करवून ती आठ-दहा फुटांवर, भर उन्हाची नसेल अशा भिंतीस ठोकावी. भोक याहून मोठें ठेवल्यास साळुंकी पेटी बळकावते.

पाण्यापेक्षांही मोठें अन्नछत्र म्हणजे झाडें, आणि ह्यांत शेतकऱ्यास शहरवाल्यापुढें हार जाण्याचें कारण नाहीं. कडीपत्त्याचीं काळीं फळें आपण कधीं मोजीत नाहीं, पण बुलबुल व कोकिळा त्यांवर तुटून पडतात. शेवग्यास फुलें आलीं कीं शिंजीर दिवसभर तेथून हलत नाहीं. तुती, पेरू, पपई, उंबर, करवंद हीं तर सर्वांची. पपईचें एखादें वरचें फळ झाडावरच पिकूं द्यावें. तें बाजारांत नेलें तर किती येतील? बांधावर न लावतां उगवलेलें चंदन, लिंब व बोर पाहून लोक नवल करतात; तें पांखरांच्या विष्ठेंतून पडलेलें बीं होय. घाणेरीचें बींही असेंच पसरतें, म्हणून घाणेरी मात्र परसांत ठेवूं नये. ती एकदां माजली कीं गायरान खाते.

झाडाखालचा पालापाचोळा जाळूं नये, हें आमचें विशेष सांगणें आहे. सातभाई हें धुळकट रंगाचें, सदा कलकलाट करणारें पांखरूं पाचोळा उलथून किडे खात फिरतें. दिसावयास तें कांहीं सुंदर नाहीं, आणि त्याच्या भांडखोरपणामुळें त्यास कोणी जवळ करीत नाहीं. पण ज्येष्ठाच्या तोंडीं जो पावशा ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ म्हणून ओरडतो, आणि ज्याची हांक ऐकून आपल्या वाडवडिलांनीं तिफणी सज्ज केल्या, तो पावशा स्वतःचें घरटें कधींच बांधीत नाहीं. तो आपलें अंडें सातभाईच्या घरट्यांत घालतो, आणि बिचारे सातभाई तें पोर आपलेंच समजून वाढवितात. पावसाबरोबर येणारा चातकही हेंच करतो. तेव्हां ज्याच्या शिवारांतून सातभाई उठले त्यास पावशाची हांक ऐकूं येणें कठीण आहे.

ह्या सर्वांहून महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. परसांत दाणा टाकणारा हात आणि शेतांत विष टाकणारा हात एकच असेल, तर त्या दाण्याचा उपयोग काय? पेरणीनंतर उरलेलें, औषध चोळलेलें रंगीत बियाणें पुष्कळ ठिकाणीं उकिरड्यावर टाकतात, कोणी भोळेपणानें ‘पांखरें तरी खातील’ म्हणून अंगणांत टाकतो. असले थोडे दाणेही चिमणीचा जीव घ्यावयास पुरतात. तें बियाणें खोल पुरावें, आणि पेरतांना वर सांडलेलें मातीखालीं झांकावें. फोरेट ह्या दाणेदार औषधावर ३१ डिसेंबर २०२० पासून देशांत बंदी आहे. कोणाच्या कोठारांत जुनी पिशवी पडली असल्यास तिला हात लावूं नये, कृषि अधिकाऱ्यास दाखवून तिची वाट लावावी. पांखरांस तीं बारीक दाणीं खड्यासारखीं किंवा बियांसारखीं दिसतात.

उंदरांच्या विषाचेंही तसेंच. ब्रोमॅडिओलोनसारख्या औषधानें उंदीर लगेच मरत नाहीं. कांहीं दिवस सुस्त होऊन फिरतो, आणि तोच गव्हाणी घुबडाच्या तावडींत सहज सांपडतो. मग घुबडही त्या विषानें मरतें. घुबड बसलें कीं घर ओसाड पडतें, असें आपल्यांत म्हणतात. आम्हांस तर घुबड नसलेल्या घरांतच धान्याचीं पोतीं अधिक कुरतडलेलीं दिसलीं. घुबड उंदीर सबंध गिळतें आणि केंस व हाडें ह्यांची गोळी करून ओकून टाकतें. त्याच्या बसण्याच्या जागेखालीं अशा गोळ्या सांपडतात. एक गोळी पाण्यांत भिजवून काडीनें उकलावी. कवट्या मोजल्या म्हणजे रात्रीं किती उंदीर पडले ह्याचा पंचनामा आपोआप होतो. मुलांस हा खेळ फार आवडतो. मात्र नंतर हात साबणानें धुवावे.

कोंबड्या पाळणाऱ्यांनीं रानपांखरांचें पाणी व दाणा कोंबड्यांपासून दूर ठेवावा. २००६ सालीं नवापुरास आणि २०२१ च्या जानेवारींत परभणी जिल्ह्यांत बर्ड फ्लू आला तेव्हां हजारों कोंबड्या माराव्या लागल्या. परसांत एकापाठोपाठ पांखरें मेलेलीं आढळल्यास उघड्या हातांनीं उचलूं नयेत; परळ उचलून ठेवावा आणि पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावें.

राहिली खानेसुमारी. आमची हयात महसुलाच्या दप्तरांत गेल्यामुळें आम्हांस कोरा कागद पाहवत नाहीं. पांखरांसाठीं एक वही घालावी व तिला रकाने पाडावे : तारीख, वेळ, पांखराचें नांव, संख्या, कोणत्या झाडावर, काय खात होतें, शेरा. नियम एकच : डोळ्यांनीं पाहिलें तेवढेंच लिहावें. चावडींत बसून पीकपाहणी लिहिण्याची जी रीत कोठें कोठें होती, ती येथें उपयोगाची नाहीं. नांवांचा घोळ होतो, कारण देशावरचा भारद्वाज कोंकणांत कुंभारकावळा होतो. ह्या कामीं मारुती चितमपल्ली ह्यांचा ‘पक्षिकोश’ हाताशीं असावा. सलीम अली ह्यांचें भारतीय पक्ष्यांवरील इंग्रजी पुस्तक १९४१ सालीं निघालें, तेंही चित्रांसाठीं पाहण्यासारखें आहे. नांव ठाऊक नसेल तर रंग, चोंच व शेपटीची हालचाल लिहून ठेवावी; नांव मागून सांपडतें.

दोन वर्षें वही चालली कीं तिचा शेतीस उपयोग दिसूं लागतो. थिरथिरा व धोबी पावसाळा सरतांना येतात आणि उन्हाळ्याच्या तोंडीं जातात. भोरड्यांचे थवे ज्वारी भरण्यापूर्वीं कोणत्या पंधरवड्यांत उतरले हें मागच्या पानावर मिळालें, तर यंदा राखणदार केव्हां ठेवावा हें ठरवितां येतें. घाटे अळीच्या दिवसांत हरभऱ्यांत पक्षिथांबे उभे करावयाचे ते कोतवाल किती आहेत हें पाहून करतां येतात. ज्यास आपली नोंद इतरांच्या नोंदींशीं ताडून पाहावयाची असेल त्याच्यासाठीं दर फेब्रुवारीच्या मध्यास चार दिवस परसांतील पक्ष्यांची मोजणी होते. आपल्या देशांत ती २०१३ पासून चालू आहे. तीसाठीं एका जागीं निदान १५ मिनिटें उभें राहून दिसतील तीं पांखरें मोजावीं लागतात, आणि यादी फोनवरून पाठवितां येते. सकाळीं परळ भरून झाल्यावर तेवढा वेळ मिळतो.