महिनाअखेरचा चेक

गोष्ट एप्रिल २००४ ची. मी नुकताच नोकरीला लागलो होतो. घरात आई, पत्नी आणि वर्षाची मुलगी. २८ तारखेला तांदळाचा डबा रिकामा झाला. वाण्याच्या वहीत आमची आधीचीच बाकी होती. पुन्हा "लिहून ठेवा" म्हणायची लाज वाटली. बँकेचे नवे चेकबुक मिळाले होते. तांदूळ, तूरडाळ, तेल, साखर असा ८४० रुपयांचा किराणा घेतला आणि ऐटीत चेक फाडला.

खात्यात जेमतेम शंभर रुपये होते. पण मी बी.कॉम. झालेला! हिशेब केला, वाणी चेक उद्या-परवा भरील, वटायला दोन-तीन दिवस जातील, तोवर १ तारखेचा पगार जमा होईल.

हिशेब दोन्हीकडून चुकला. वाण्याने चेक त्याच दिवशी भरला आणि ३० तारखेला तो परतही गेला. १ मे ला महाराष्ट्र दिनाची सुट्टी, २ तारखेला रविवार, म्हणून पगार जमा झाला ३ तारखेला. बँकेने माझा दंड कापला, वाण्याच्याही खात्यातून पैसे कापले गेले.

आई मीठ आणायला गेली तेव्हा दुकानात चार गिऱ्हाइके उभी होती. वाणी म्हणाला, "मावशी, तुमच्या मुलाचा चेक परत आला." आई मीठ न घेताच घरी आली. रागावली नाही. एवढेच म्हणाली, "अरे, उधारी मागितली असतीस तर मान खाली गेली असती, पण शब्द खाली पडला नसता."

त्याच संध्याकाळी मी ८४० रुपये आणि वाण्याचा दंड रोख नेऊन दिला.

बंधू-भगिनींनो, आज किराण्याचे पैसे बहुतेक फोनवरून जातात. पण हप्त्यासाठी, भाड्यासाठी, उधारीच्या हमीसाठी चेक अजूनही मागतात. म्हणून काही गोष्टी घरातल्या सर्वांना माहीत हव्यात.

पूर्वी चेक वटायला लागणारे दिवस आता राहिले नाहीत. ४ ऑक्टोबर २०२५ पासून बँकेत भरलेला चेक सहसा त्याच दिवशी वटतो किंवा परत जातो. 'तोवर पगार येईल' हा हिशेब आता मनातूनच काढून टाका.

खात्यात पैसे नसल्याने चेक परत गेला, तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टचे कलम १३८ लागू शकते. दोन वर्षांपर्यंत कैद, चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुढची तारीख घातलेला चेकही यातून सुटत नाही. मात्र समोरच्याला आधी लेखी नोटीस द्यावी लागते. ती मिळाल्यापासून १५ दिवसांत पूर्ण रक्कम भरली, तर या कलमाखाली खटला होत नाही. म्हणून नोटीस आली तर ती घेण्याचे टाळू नका, पैसे भरा आणि पावती घ्या.

सही केलेला कोरा चेक कोणालाही देऊ नका. सावकाराला तर नाहीच नाही.

आणि महिनाअखेरीस डबा रिकामा झालाच, तर वाण्याला सरळ सांगा, "पगार झाल्यावर देतो." रक्कम वहीत लिहून घ्या, आपल्याकडेही टिपून ठेवा. पगार झाला की पहिली बाकी त्याची फेडा. जमेल त्या महिन्यात दोन किलो तांदूळ, किलोभर डाळ वेगळ्या डब्यात काढून ठेवा. आमच्या घरी तो डबा आईने त्याच मे महिन्यात सुरू केला. आजही २५ तारखेच्या आधी त्याचे झाकण कोणी उघडत नाही.