घराण्याचं वजन

“अगं, आमच्या माहेरी सगळ्या अशाच! आमचं हाडच मोठं.” बचत गटाच्या बैठकीत वजनाचा विषय निघाला की हे वाक्य मी हमखास टाकायचे आणि पुढचं भजं उचलायचे. तालुक्याच्या गावात महिला मंडळाचं काम करते, दरवर्षी आरोग्य शिबिर भरवते, बायकांची वजनं वहीत लिहिते. स्वतःची पाळी आली, की “राहू दे गं, नंतर बघू.”

हे असंच चाललं असतं. पण एका दुपारी अचानक घरी आले, तर आमची दहावीतली धाकटी स्वयंपाकघराचं दार लोटून लाडू खात होती. मला बघताच तिनं हात पाठीमागे नेला. स्वतःच्या घरात, स्वतःच्या आईपासून! तिच्या भातावरचं तूप मी बंद केलं होतं ना. दादाच्या ताटात मात्र धार चालूच, कारण तो काडीपैलवान. “आई, आम्ही दोघं एकाच डब्यातलं खातो, मग मीच का?” तिनं विचारलं.

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी मराठी घेऊन बी.ए. झालेली. शिबिराला येणाऱ्या डॉक्टरीणबाईंना गाठलं. त्यांनी एक प्रयोग सांगितला. कॅनडात जुळ्या भावांच्या १२ जोड्यांना ८४ दिवस रोज हजार कॅलरी जादा खाऊ घातल्या. १९९० साली निष्कर्ष छापून आले. सगळ्यांना जादा खाणं सारखंच, पण कुणाचं वजन चार किलोंनी वाढलं, तर कुणाचं तेरा! आणि गंमत म्हणजे एकाच जोडीतल्या भावांची वाढ बरीचशी सारखी. म्हणजे अंगी लागणं हेसुद्धा रक्तातूनच येतं. माझी लेक खादाड नव्हती, आणि मी तिला वर्षभर तेच ऐकवत होते.

मी मनात म्हटलं, चला, आपलं मोठ्या हाडाचं खरं निघालं! डॉक्टरीणबाई हसल्या. पिमा नावाचे आदिवासी अमेरिकेतल्या ॲरिझोनात राहतात, त्यांचेच भाऊबंद मेक्सिकोच्या डोंगरात. रक्त एक. पण डोंगरातले शेतात राबणारे, मका-घेवडा खाणारे. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ते सरासरी २६ किलोंनी हलके भरले.

मला माझी सख्खी बहीणच आठवली. ती खेड्यात दिली. शेत, गोठा, भाकरी. तिचं ब्लाउज माझ्या अंगात जात नाही. माहेर तर दोघींचं एकच! माझ्याकडे मिक्सर, स्कूटी, संध्याकाळची मालिका. शिवाय उरलेला भात टाकवत नाही म्हणून मीच संपवायचा. हे तुमच्याकडेही होतंच की नाही?

मात्र खरा धक्का पुण्याच्या संशोधनाचा. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळं तपासली. सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या बाळांचं साडेतीन. हातापायांनी बारीक, पण त्या मानानं चरबी पुरेपूर. गरोदर आईच्या खाण्यापिण्याचा यात मोठा हात असल्याचं ते सांगतात. (सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खाणारी ती आई!) २००४ साली त्यांनी स्वतःचं उदाहरण छापलं. ते आणि त्यांचे इंग्रज सहकारी, दोघांचं उंचीच्या मानानं वजन अगदी सारखं. पण अंगातली चरबी साहेबाची ९.१ टक्के, तर आपल्या डॉक्टरांची २१.२! बाहेरून बारीक, आतून लठ्ठ. अशांनाही मधुमेह गाठतो.

मग मला काडीपैलवानाची काळजी लागली. शिवणाच्या डब्यातली टेप काढली. आपल्याकडे पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत असावी, बायकांची ८०च्या. धाकटीनं टेप धरली. दादाची भरली ९१. माझा आकडा इथे लिहीत नाही.

रात्री त्याच्या भातावर तूप वाढताना हात थबकला. धाकटीनं वाटी माझ्याकडून घेतली. “त्याला एक चमचा, मला एक चमचा,” ती म्हणाली, “आणि उरलेला भात आज तू खाऊ नकोस.”