पैसे दिले, पण लाच नव्हे?

आमच्या जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीत 'धनुष' तोफ बनते, बोफोर्सच्या आराखड्यांवरून. बोफोर्स तोफेबद्दल आम्हा फौजींची तक्रार नव्हती, कारगिलला तिनं काम चोख केलं. वाद होता पैशांचा. परदेशी अधिकाऱ्यांना लाच दिल्याचा आरोप झाला, तर कंपनी बचावात काय म्हणू शकते, हे त्यावरूनच समजून घेऊ.

मार्च १९८६ मध्ये स्वीडनच्या बोफोर्सशी ४१० तोफांचा करार झाला, सुमारे १४३७ कोटींचा. मध्ये दलाल नको, ही आपली अट. एप्रिल १९८७ मध्ये स्वीडिश रेडिओनं लाचेची बातमी दिली. पुढे कंपनीनं मान्य केलं की पैसे दिले. पण जुन्या एजंटांचे करार मोडले, त्याची ती भरपाई होती. म्हणजे पैसे गेले, लाच नाही! हा बचाव ऐकायला पोकळ वाटतो. पण पैसा सरकारी माणसापर्यंत पोहोचला, हे सिद्ध करायचं काम फिर्यादी पक्षाचं असतं, आणि तिथेच गाडी अडली. २००४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं लोकसेवकांवरचे लाचेचे आरोप रद्द केले. ३१ मे २००५ ला कंपनीही सुटली. सीबीआयचे स्वीडनमधले कागद म्हणजे प्रमाणित नसलेल्या झेरॉक्स प्रती होत्या. अपील तेरा वर्षं उशिरा केलं, ते सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये फेटाळलं.

अमेरिकेच्या १९७७ च्या कायद्यात १९८८ मध्ये दोन बचाव घातले गेले. एक, त्या देशाच्या लेखी कायद्यानं ती रक्कम चालते. 'तिकडे सगळेच देतात' हे लेखी नव्हे. दुसरा, माल दाखवण्याचा वाजवी खर्च. चाचणीसाठी अधिकाऱ्याला नेलं, साधं हॉटेल दिलं, तर ठीक. सोबत कुटुंबाची सहल काढली, की बचाव गेला.

ब्रिटनच्या २०१० च्या कायद्यानं आणि आपल्या २०१८ च्या दुरुस्तीनं ओझं फिरवलं. कंपनीशी संबंधित माणसानं लाच दिली, तर ती रोखायची पुरेशी व्यवस्था आमच्याकडे होती, हे कंपनीनंच दाखवायचं. पलटणीत स्थायी आदेश भिंतीवर टांगलेले असतात, म्हणून संतरी जागा असतो असं नाही. तपासणीची वही बघावी लागते. आणि लाच बळजबरीनं द्यावी लागली असेल, तर आपल्याकडे सात दिवसांत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवायचं.

मात्र भारतीय कंपनीनं परदेशी अधिकाऱ्याला लाच दिली, तर? त्यासाठीचं २०११ चं विधेयक २०१४ मध्ये लोकसभेबरोबरच बारगळलं. अशी कंपनी त्या देशाच्या कायद्यात सापडते, किंवा न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात तिची नोंदणी असेल तर अमेरिकेच्या.