वार एक, जीव दोन

जुळ्यांच्या गर्भारपणात दोहोंपैकी एक जीव पोटातच निमाला, तर राहिलेल्याचे काय होते, हा प्रश्न आईच्या मनात सर्वांआधी उभा राहतो. पण घरात तो कोणी तिला विचारू देत नाही. "एक तरी वाचले ना?" एवढ्यावर तिची समजूत घातली जाते. वस्तुतः या प्रश्नाचे बरेचसे उत्तर आज वैद्यकशास्त्रापाशी आहे, आणि ते मुख्यतः एका गोष्टीवर अवलंबून असते : दोन्ही बाळांची वार एक होती की वेगवेगळी.

पहिल्या तीन महिन्यांत एक गर्भ नाहीसा होणे हे विरळ नाही. सोनोग्राफी नव्हती तेव्हा ते कळतही नसे. अशा वेळी दुसऱ्याला बहुधा काही अपाय होत नाही. पुढच्या महिन्यांत गेलेला गर्भ मात्र कधी कधी सुकून, चपटा होऊन वारेबरोबर बाहेर येतो. जुन्या डॉक्टरांनी त्याला लॅटिनमध्ये 'कागदी गर्भ' असेच नाव दिले आहे.

दोन बीजांपासून झालेल्या जुळ्यांची वार जवळजवळ नेहमीच वेगळी असते. एका बीजापासून झालेल्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश जुळ्यांची वार मात्र एकच असते, आणि तिच्यातील रक्तवाहिन्या एकमेकींना जोडलेल्या असतात. जर्मन वैद्य फ्रीडरिश शाट्झ यांनी एकोणिसाव्या शतकातच या जोडांचे वर्णन केले होते.

दोन हौद एका नळाने जोडलेले असावेत आणि एकाचा तळ अकस्मात फुटावा, तसा प्रकार येथे घडतो. एका बाळाचे हृदय थांबले की त्याच्या वाहिन्यांतील दाब उतरतो आणि जिवंत बाळाचे रक्त तिकडे ओढले जाते. मग जिवंत बाळाच्या मेंदूला रक्त अपुरे पडते. मृत गर्भातून रक्त गोठवणारे द्रव्य दुसऱ्याकडे जात असावे, असा तर्क 1961 साली बेनिर्श्के यांनी मांडला होता. परंतु पुढे मागे राहिलेल्या बाळांच्या नाळेतील रक्त तपासले, तेव्हा ती बाळे रक्तक्षयी आढळली, आणि रक्त ओसरण्याचीच उपपत्ती बळकट ठरली.

यातून निघणारी गोष्ट कठोर आहे. हानी व्हायची ती बहुधा त्या मृत्यूच्या वेळीच होऊन जाते. म्हणून घाईघाईने प्रसूती उरकल्याने ती भरून येत नाही. उलट अपुऱ्या दिवसांचे दुखणे तेवढे पदरात पडते. ब्रिटनच्या रॉयल कॉलेजच्या 2016 च्या मार्गदर्शिकेत, एका वारेच्या जुळ्यांत असा मृत्यू घडल्यास दुसराही दगावण्याचा धोका शंभरात सुमारे 15 आणि मेंदूला इजा होण्याचा सुमारे 26 असा दिला आहे. अर्थात बरीच बाळे निरोगीही निघतात. ज्यांना इजा होते त्यांच्या मेंदूत पोकळ्या पडतात, पुढे सेरेब्रल पाल्सी उद्भवते; क्वचित मूत्रपिंडे वा आतडीही दुखावतात. वारा दोन असल्या तर मेंदूची भीती पुष्कळ कमी. तेथे मुख्य चिंता वेळेआधी होणाऱ्या प्रसूतीची.

आईने ग्रहण पाहिले, जड उचलले, अमुक खाल्ले म्हणून हे घडले, असे जे बोलले जाते त्याला काडीचाही आधार नाही. ते बोल तिला जन्मभर पुरतात.

खबरदारी घ्यायची ती आधी. वार एक की दोन, हे अकराव्या ते चौदाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत उत्तम कळते. मधला पडदा वारेला मिळतो तेथे त्रिकोणी पाचर दिसली तर वारा दोन. पुढे हे ओळखणे अवघड होत जाते. वार एक असेल तर सोळाव्या आठवड्यापासून दर पंधरवड्याला तपासणी करतात. अशा जुळ्यांपैकी शंभरात दहा-पंधरांत रक्ताची देवघेव विषम होते. तेव्हा लेसरने ते जोड बंद करता येतात. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या युरोपीय चाचणीत हा उपचार, साचलेले पाणी काढण्याच्या जुन्या उपायाहून सरस ठरला. जोड तुटले की पुढे एक गेला तरी दुसऱ्याचे रक्त तिकडे वाहून जाण्याची भीती बरीच टळते.

एक गेल्यावर दुसऱ्याच्या मेंदूतील रक्तप्रवाह डॉप्लरने पाहून रक्तक्षय ताडतात, आणि चार-सहा आठवड्यांनी एम.आर.आय. करतात, त्याआधी केल्यास इजा नजरेतून सुटू शकते. आईचा रक्तगट आर.एच. निगेटिव्ह असेल तर तिच्या इंजेक्शनचाही विचार करावा लागतो. बाळ जन्मल्यावर, ते जुळ्यांपैकी एक होते, हे बालरोगतज्ज्ञाला सांगणे अगत्याचे आहे. पुष्कळ घरी ते अशुभ म्हणून लपवतात, आणि मूल वेळेवर बसत नाही, मान धरत नाही, तेव्हा कारण शोधण्यात महिने जातात.