मोतीचं पाणी मोजूया

बसा इथं, आणि मोतीकडे नीट बघा. जिन्याच्या दोन पायऱ्या चढला की थांबतो, धापा टाकतो. पोट सुटलंय. दोन्ही कुशींवरचे केस सारखेच विरळ झालेत, पण खाजवत मात्र मुळीच नाही. ओंकारेश्वराकडे फिरायला नेलं की शनिवार पेठेतला जो तो म्हणतो, 'म्हातारा झाला हो तुमचा मोती!' झालाय खरा. पण नुसत्या म्हातारपणानं तहान दुप्पट होत नाही बाळांनो. भांडं चाटूनपुसून रिकामं करायचा आणि पुन्हा माझ्या तोंडाकडे बघायचा, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

या गोष्टीतली पात्रं अगदी लहान आहेत. मेंदूच्या तळाशी एक इवलीशी ग्रंथी असते, पियूषिका. दोन मूत्रपिंडांच्या शेजारी आणखी दोन, जेमतेम काही मिलिमीटर जाडीच्या. त्यांना डॉक्टर अ‍ॅड्रिनल म्हणतात. त्या कॉर्टिसॉल नावाचा रस रक्तात सोडतात. गणपतीत आपल्या खिडकीखाली ढोल-ताशा सुरू झाला की मोती पलंगाखाली शिरतो ना? तेव्हा त्याच्या अंगात हाच रस वाढतो आणि संकटाला तोंड द्यायला रक्तात साखर पुरवतो. रोजच्या जगण्यालाही तो थोडा थोडा लागतोच.

किती सोडायचा, हे पियूषिका सांगते. आपल्या गच्चीवरची टाकी आठवा. पाणी चढलं की तरंगणारा गोळा वर येतो आणि नळ बंद करतो. तसंच रक्तात कॉर्टिसॉल पुरेसं झालं की पियूषिका हुकूम पाठवायचं थांबवते. पण म्हातारपणी कधी कधी तिच्यात एक बारीकशी गाठ होते. ती गाठ गोळ्याला जुमानत नाही. नळ वाहतच राहतो. कॉर्टिसॉल असं जादा होण्याचा आजार झालेल्या शंभरातल्या ऐंशीहून जास्त कुत्र्यांची गोष्ट अशीच असते. उरलेल्यांत गाठ अ‍ॅड्रिनलमध्येच असते.

हार्वी कुशिंग नावाच्या अमेरिकन मेंदू-शल्यविशारदानं १९१२ साली माणसांमधला हा आजार वर्णन केला आणि १९३२ साली त्याचा संबंध पियूषिकेच्या गाठीशी जोडला. म्हणून त्याला कुशिंगचा आजार म्हणतात. गंमत अशी, की माणसांपेक्षा कुत्र्यांत तो कितीतरी जास्त आढळतो.

मग अंगात काय होतं? जादा कॉर्टिसॉल स्नायू झिजवतं, म्हणून जिना जड जातो. यकृत सुजतं, पोटाचे स्नायू सैल पडतात, म्हणून पोट लोंबतं. कातडी पातळ होते. मूत्रपिंडं पाणी धरून ठेवू शकत नाहीत. लघवी जास्त होते, म्हणून तहान लागते. हा क्रम नीट लक्षात ठेवा. रात्री घरात लघवी केली म्हणून पाण्याचं भांडं उचलून ठेवणारी माणसं मी पाहिलीत, आणि मला ते सहन होत नाही. त्या जिवाचं पाणी आधीच बाहेर चाललेलं असतं. भांडं भरलेलं ठेवा आणि झोपण्यापूर्वी एकदा खाली फिरवून आणा.

पाणी तोडायचं नाही, मोजायचं. सकाळी मापून भरा, दुसऱ्या सकाळी उरलेलं वजा करा. दोन-तीन दिवस असं करा. दहा किलोचा निरोगी कुत्रा दिवसाला साधारण अर्धा लिटर पितो. लिटरच्या वर गेला तर डॉक्टरांकडे जायचं. मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार, मादी असेल तर गर्भाशयात पू होणं, यांतही तहान वाढते. घरच्या घरी निदान ठोकून देऊ नका.

तपासणी मला फार सुंदर वाटते. डॉक्टर डेक्सामेथासोन या कॉर्टिसॉलसारख्या औषधाचं अगदी थोडं इंजेक्शन देतात, म्हणजे टाकीतला गोळा मुद्दाम हातानं वर उचलतात, आणि चार व आठ तासांनी रक्त घेऊन नळ बंद झाला का ते बघतात. निरोगी कुत्र्यात होतो. शिवाय सोनोग्राफीत अ‍ॅड्रिनलचा आकार दिसतो. मात्र कुत्रा घाबरलेला किंवा दुसऱ्या दुखण्यानं बेजार असेल तर आकडे फसवतात. म्हणून विसर्जनाच्या धामधुमीत ही तपासणी नको.

खाज थांबवायला दिलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या, इतकंच काय मलमसुद्धा, फार दिवस चाललं तरी हेच रूप दिसतं. तिथं औषध एकदम बंद करणं धोक्याचं. इतके दिवस कॉर्टिसॉलचं काम आयतं झाल्यामुळे अ‍ॅड्रिनल सुस्तावलेल्या असतात. ते औषध डॉक्टरांच्या सांगण्यानुसार हळूहळू कमी करायचं.

मोतीला कुशिंगसाठी ट्रायलोस्टेन नावाचं औषध चालू आहे. ते कॉर्टिसॉल तयार होणं रोखतं, आणि जेवणाबरोबरच द्यायचं. सुरू केल्यावर दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा रक्त तपासतात, पुढेही अधूनमधून. उलट्या, जुलाब, खाणं सोडणं, गळून जाणं यातलं काही दिसलं तर पुढची गोळी द्यायची नाही, लगेच दवाखाना गाठायचा; कॉर्टिसॉल फार खाली गेलं तर जिवावर बेततं. गाठ औषधानं जात नाही, गोळी जन्मभराची.

तहान आधी कमी होते, केसांना काही महिने लागतात. आणि एक सांगून ठेवतो: कॉर्टिसॉल सूज दाबून ठेवतं, त्यामुळे ते उतरलं की कधी कधी जुनी सांधेदुखी वर येते. मोती उद्या लंगडायला लागला तर औषध लागू पडत नाही असं समजू नका, आणि आपल्या गुडघेदुखीची गोळी त्याला देऊ नका. डॉक्टरांना फोन करा.