दर्याई नारळाचं माहेर

गोसाव्याच्या हातातला काळाकुळकुळीत, होडीसारखा कमंडलू पाहिलाय कधी? ते एका बीचं अर्धं कवच. त्याच बीचा वाळलेला गर काष्ठौषधीच्या दुकानात ‘दर्याई नारळ’ म्हणून मिळतो. दर्याई, कारण शतकानुशतकं तो समुद्रातूनच यायचा. लाटांबरोबर मालदीवच्या किनाऱ्याला लागायचा. झाड मात्र कुणाच्या दृष्टीस पडलं नव्हतं. मग ते समुद्राच्या तळाशीच वाढत असणार, असं लोकांनी ठरवून टाकलं. १७६८ साली फ्रेंच दर्यावर्दी सेशेल्समधल्या प्रालँ बेटावर गेले आणि उलगडा झाला. शास्त्रीय नावात मात्र ‘मालदीविका’ राहिलंच.

प्रालँवरची ‘व्हॅली द मे’ ही या झाडांची दरी जेमतेम १९.५ हेक्टरांची. १९८३पासून ती जागतिक वारसा आहे. तिथल्या पायवाटेवर शिरलं की आभाळ दिसेनासं होतं. एकेक पान खोलीवर छप्पर घालावं एवढं, ताडासारखं चुणीदार. वारा सुटला की पत्रे आदळल्यासारखा आवाज. नर झाड वेगळं, मादी वेगळी. मादीवरचं फळ पिकायला सहा-सात वर्षं लागतात. आतली बी १५-२० किलोंची. जगात याहून मोठी बी कुठल्याच वनस्पतीची नाही.

आणि हे सगळं निकस जमिनीत! पोषणाची युक्ती पानात आहे. पान म्हणजे पन्हळच. चुण्यांत साचलेले परागकण, पाखरांची विष्ठा, कुजका पाचोळा पावसाच्या पाण्याबरोबर देठावरून घरंगळत थेट बुंध्याशी पोचतो. झाड स्वतःच स्वतःच्या आळ्यात खत घालतं. कोकणातल्या बागायतदाराला याचं मोल सांगायला नको.

वरून शीळ आली तर थांबायचं. तो काळा पोपट. खरं तर काळपट तपकिरी, आपल्या राघूपुढे अगदीच साधा. पण तो पाहायचा तर प्रालँलाच यावं लागतं. संख्या हजाराच्या आत. पोकळ झालेल्या मेलेल्या माडांत तो घरटं करतो, म्हणून वठलेलं खोडही इथं मोलाचं. बिलंबीची आंबट फळं तो आवडीनं खातो, हे कळल्यावर मला तो एकदम गोव्याच्या परसातला वाटला. इथल्याच निळ्या कबुतराच्या डोक्यावर लाल, छातीवर रुपेरी, अंगावर गडद निळा रंग. डच झेंड्याचेच रंग, म्हणून क्रिओलमध्ये त्याचं नाव ‘पिझों ओलांदे’, हॉलंडचं कबूतर.

सुमारे ६.५ कोटी वर्षांपूर्वी सह्याद्रीचा कातळ लाव्हा होऊन वाहत होता. त्याच सुमारास सेशेल्सची ही भूमी भारतापासून तुटली आणि समुद्रात एकटी पडली.

आणि नाव दर्याई असलं, तरी त्या एकट्या भूमीवरून समुद्र ओलांडणं या नारळाच्या बीला जमतच नाही. ताजी बी पाण्यात बुडते. मालदीवला जी पोचली, राजांनी जपली, गोसाव्यांनी मिरवली, ती सगळी आतून कुजून पोकळ झालेली, मेलेली. जिवंत बी आईच्या पायाशीच पडते. मग तिच्यातून जाड दोरासारखा एक कोंब निघतो आणि जमिनीखालून चालू लागतो. आईच्या सावलीपासून काही मीटर दूर गेला की तिथं पहिलं पान वर काढतो. मागं राहिलेली बी त्या दोरावाटे पुढची काही वर्षं रोपाला जेवू घालत राहते.