कठीण ते टिकाऊच असते का?

“दातात भरायचे तर कठीणात कठीण भरा,” असे आमचे कामगारबंधू म्हणतात. पूर्वी आम्हीही तसेच समजत होतो. पण कठीणपणा निराळा आणि झीज निराळी.

कठीणपणा मोजायची रीत सोपी आहे. टोकदार हिरा ठराविक वजनाने दाबायचा आणि पडलेला खळगा मोजायचा. व्हिकर्सच्या या मापाने दातावरचे एनॅमल ३०० च्या पुढे भरते, पारा-चांदीचे मिश्रण सुमारे १००. तरी ते मिश्रण वर्षानुवर्षे टिकते. पोर्सेलीन ४०० च्याही वर जाते. मग तेच उत्तम? नव्हे! जात्याचा एक दगड फार कठीण असला, तर दुसरा झिजतो. खरखरीत पोर्सेलीन समोरचा चांगला दात खाते. मऊ सोने त्याला सांभाळते. दाताच्या रंगाच्या कॉम्पोझिटमध्ये राळेत काचेचे कण असतात. राळ आधी झिजते, मग कण निखळतात. म्हणून बारीक कणांचे भरण गुळगुळीत राहते.

तेव्हा मंडळी, “किती वर्षे टिकेल?” एवढ्यावर थांबू नका. “समोरच्या दाताचे काय?” हेही दंतवैद्याला विचारा. दाताच्या एका खेपेला आमच्या माणसाचा एक रोज बुडतो. रोज पुन्हा मिळेल. झिजलेला दात पुन्हा उगवणार नाही.